दौलतआबाजींचे तीन कागद

आमच्या देऊळघाटात दौलतआबाजी उंदरांचा पिंजरा फुकट शिकवायचे. पण उंदीर अडकण्याआधी माणूस अडकायचा. पिंजऱ्याची आकृती हवी, तर आधी अटींच्या कागदावर अंगठा. "फुकट हाये, बेवारस नाही," म्हणत ते शाईची डबी पुढे सरकवायचे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नुकतीच त्यांच्या शेजारी सून म्हणून आले होते. सातवी पास. कायद्याची पुस्तकं माझ्याच माहेरी छापतात असा माझा तोरा. आबाजी अटी सांगायचे, मी लिहायची. त्यांच्या घरात ते एकटेच. उंदीरसुद्धा उरले नव्हते.

पहिला कागद साधा होता. पिंजरा कोणीही बनवावा, बदलावा, पुढच्याला शिकवावा. मात्र बनवला की आबाजींना दाखवायला आणावा. मग वडनेर भोलजीच्या एकाने पिंजऱ्याला अशी झडप बसवली की घूससुद्धा सुटेना, पण ती कशी बसवली ते कोणाला सांगेना. आबाजींनी दुसरा कागद काढला: सुधारणा लपवू नये. त्या पठ्ठ्याने झडपेवर पत्रा ठोकला. म्हणे, लपवत नाही, झाकतो. म्हणून तिसरा कागद: पत्रा ठोकू नये, ठोकल्यास उघडून दाखवावा.

तिसऱ्यात मी माझी अक्कल पाजळली. 'दाखवायला आणावा' ही ओळच उडवली. पिंजरा काखोटीला मारून कोण एवढे कोस तुडवणार? वर शेवटी ऐटीत लिहिलं, 'हा किंवा यापुढे निघेल तो कागद मान्य.'

एकदा सोनाळ्याचे किसनराव आकृती न्यायला आले. कागद वाचून दाखवला तसा त्यांनी शाईतला अंगठा मागे घेतला.

"जो निघालाच नाही तो कागद आज कसा मान्य करू? उद्या तुम्ही लिहान, पिंजऱ्यासंगं म्हैसबी द्या."

"मी म्हैस कायले मागू?" आबाजी म्हणाले.

"आज नाही मागत. मी यापुढचं बोलून राह्यलो."

आबाजींनी तिन्ही कागद घोंगडीवर मांडले. किसनरावांना जो द्यायचा, तोच पुढे सगळ्यांना. मी तिसऱ्यावर बोट ठेवून अर्धा तास वकिली केली. आबाजी चष्मा या कागदावरून त्या कागदावर नेत राहिले. शेवटी त्यांनी पहिला उचलला.

"आबाजी, तो तं चाळणी हाये," मी म्हणाले. "वडनेरवाला त्याच्यातूनच निसटला."

"हाव. लबाडच व्हता तो."

"मंग?"

"पन दाखवाले आला व्हता. दोन दिवस राह्यला. माह्या हातची भाकर खाऊन माह्याशीच भांडला." ते कागदाकडे बघत बोलत होते. "तुह्या तिसऱ्या कागदावर पिंजरे लई झाले म्हनतात, सूनबाई. आलं मात्र कोनी नाही."

वकीलबाईंनी टाक उचलला. मी पहिल्या कागदाची नक्कल केली आणि खाली माझ्या मनाने एक ओळ घातली: 'दाखवायला येताना मुक्कामाच्या तयारीने यावे.'

ती ऐकून किसनराव म्हणाले, "हे काय लिहाचं हाये? सोनाळ्याचा मानूस त्याच दिशी परततेच कुठं?" आणि त्यांनी अंगठा उठवला.

"मंग आजपासूनच राहा," म्हणत आबाजी चुलीकडे गेले, आणि परातीत त्यांनी दोन मुठी पीठ जास्तीचं घेतलं.