डावं पायडल

जगातली कुठलीही गोष्ट पुस्तकात वाचून करता येते, असं माझं ठाम मत होतं. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. पोहायलासुद्धा मी पुस्तकावरूनच शिकले! (म्हणजे कसं पोहतात ते मला पूर्ण माहीत आहे. पाण्यात अजून उतरलेले नाही.)

बाबांचं मत नेमकं उलट. हाताला काळं लागल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही, असं ते म्हणायचे. त्या रविवारी ते जुन्या बाजारातून आले आणि माझ्या उघड्या पुस्तकावरच त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू ठेवली.

"सापडलं!"

"काय?"

"डावं पायडल!"

कागद सोडवला. आतून गंजलेलं, उंदरांनी रबर कुरतडलेलं एक पायडल निघालं. बाबांनी ते उजेडात धरलं, बोटाने आटे चाचपले आणि त्यांचा चेहरा पडला.

"उजवं आहे गं."

"बाबा, हे चौथं उजवं."

"दत्तोबा म्हणाला, डावं आहे."

"त्याच्या डाव्या हाताला पडलेलं असेल."

दत्तोबा म्हणजे जुन्या बाजारात जमिनीवर ताडपत्री अंथरून मोपेडचे सुटे भाग विकणारे गृहस्थ. आणि मोपेड म्हणजे बाबांची चाळीस वर्षांची गाडी. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती वाघोलीच्या एका पत्र्याच्या शेडमधून आणली, तेव्हा तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. अकरा वर्षं खपून बाबांनी तिला माणसात आणलं होतं. प्रत्येक दुरुस्तीनंतर ते मला विचारायचे, "कशी आहे गाडी?" मी म्हणायचे, "ऐकू येते."

"डाव्या पायडलचे आटे उलटे असतात," बाबा म्हणाले. "माणूस जीव खाऊन आवळतो, आणि ते सुटत जातं."

"वाचलंय मी."

"पुढच्या रविवारी मांजरी गावाला सहल आहे. मागची सीट नवी बसवलीय. येतेस? तू 'बसले' म्हणालीस की निघायचं."

"पुढच्या वेळी, बाबा."

"बरं."

हे संभाषण अकरा वर्षं असंच होत होतं. न जायला तसं काही कारण नव्हतं. रविवार असायचा आणि हातात पुस्तक असायचं, इतकंच.

सोमवारी सकाळी चहा गाळता गाळता बाबा गेले. त्याबद्दल मी इथे आणखी काही लिहिणार नाही, कारण ही विनोदी गोष्ट आहे.

तीन महिन्यांनी 'जुनी मोपेड मित्रमंडळ' आमच्या दारात उभं राहिलं. मंडळ म्हणजे अध्यक्ष श्यामसुंदरकाका आणि चिटणीस हेमाताई. काका चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे एक डोळा मिटून बघतात. हेमाताई कागद वाचल्याशिवाय आशीर्वादसुद्धा घेत नाहीत. दोघं सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"मांजरीची सहल तेव्हा रद्द केली होती, ती आता येत्या रविवारी आहे," काका म्हणाले. "मधल्या दोन सहलींना अनंताची गाडी नव्हती."

"बरं."

"सलग तीन सहली चुकल्या की नाव कमी होतं," हेमाताई म्हणाल्या. "नियम अकरा. वाघोलीचे एक दाताचे डॉक्टर आहेत, आमोद नावाचे. चार वर्षं प्रतीक्षा यादीत आहेत बिचारे."

"आणि गाडी टेम्पोत घालून आणलेली चालत नाही," काका अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "स्वतःच्या दमावर आली पाहिजे. नियम बारा."

"हे असले नियम केले कोणी?"

दोघांनी चहाच्या कपात पाहिलं.

"तुझ्या बाबांनी," हेमाताई म्हणाल्या.

खरंच, नियमावली बाबांच्याच अक्षरात होती. एकोणीस नियम! त्यांतला चौथा माझ्या ओळखीचा : 'मागे बसणाऱ्याने "बसलो" असे स्पष्ट म्हटल्याशिवाय गाडी सुटणार नाही.' याचं मूळ काकांमध्ये होतं. एकदा स्वारगेटच्या सिग्नलला काकू पदर सावरायला उतरल्या आणि काका तसेच निघून सासवडला पोहोचले. सबंध रस्ताभर ते मागे बघून बोलत होते. काकू उत्तर देत नाहीत याचं त्यांना जराही नवल वाटलं नाही!

तीन महिन्यांत मी बाबांचं नाव शिधापत्रिकेतून कमी केलं होतं, बँकेतून केलं होतं, विजेच्या बिलावरून आणि गॅसच्या पुस्तकावरून केलं होतं. प्रत्येक खिडकीवर विचारायचे, "कारण?" आता मंडळाच्या या एका वहीत ते उरलं होतं. 'सभासद क्रमांक १ : अनंत.' इथून मी ते कमी होऊ देणार नव्हते.

"गाडी येईल," मी म्हणाले. "मी चालवीन."

काकांनी एक डोळा मिटला. "तुला येते?"

"पुस्तिका आहे ना!"

दुचाकी मी रोज चालवते, तेव्हा प्रश्न फक्त या गाडीच्या स्वभावाचा होता. मी तिची पुस्तिका चार वेळा वाचली. टिपणं काढली. सर्वांत महत्त्वाचं कलम असं, की हिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर धूर. अगदी सोपं!

राहिलं डावं पायडल. बुधवारी अर्धी रजा टाकून जुन्या बाजारात गेले. दत्तोबा मला बघून उठूनच उभे राहिले.

"अनंतरावांची लेक न्हवं का? नाकावरनं कळलं."

"डावं पायडल हवं होतं."

त्यांनी स्वतःच्या बसायच्या पोत्याखालून ते काढलं. स्वच्छ पुसलेलं, तेल लावलेलं. "त्यास्नीच ठिवलं हुतं. ते गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात घावलं बगा. लई उशीर केला त्यानं." मग पटकन म्हणाले, "उलटं फिरवायचं हां, ताई."

"माहीत आहे. वाचलंय मी."

"वाचून आटं बसत न्हाईत!"

बसले नाहीतच. पाऊण तास मी पार्किंगमध्ये जीव खाऊन पायडल आवळत होते आणि ते दर वेळी पायावर पडत होतं. शेवटी थांबले आणि उलट्या दिशेने फिरवलं. लोण्यात सुरी जावी तसं बसलं. हाताला काळं लागलं होतं. मी ते लगेच धुतलं नाही.

रविवारी सकाळी सारसबागेसमोर बारा मोपेडी जमल्या. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण मी घरीच बाबांच्या खोकल्याच्या औषधाच्या मापाने थेंबाथेंबाने मोजून आणलं होतं. सभासद क्रमांक एकची गाडी सर्वांत पुढे आणि रांग कोणत्याही कारणाने मोडायची नाही, असा सातवा नियम! वहीत सही करायला आणि पोहे खायला मी गाडीपासून दहा मिनिटं दूर गेले. त्या दहा मिनिटांवर पुढचं महाभारत उभं आहे.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. स्वारगेटला मागून थोडा धूर दिसला. हडपसर येईपर्यंत मागचं हडपसर दिसेनासं झालं!

"ओ ताई," शेजारचा रिक्षावाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, "गाडी आहे का होम? नारळ कधी टाकायचा?"

सायकलवरचे एक आजोबा नुसतेच म्हणाले, "वा. स्वतः सोडून सगळ्यांची सोय केलीत."

आरशात बघितलं तर मागे पांढरा पडदा होता आणि त्यात अकरा दिवे मिणमिणत होते. पडद्यातून काकांचा आवाज आला, "वल्लरी! थांबू नकोस! थांबलीस तर परत सुरू होणार नाही!"

मांजरीला वळलो. रसवंती समोर दिसत होती, तिथेच मुक्काम होता. इतक्यात एका नव्या सोसायटीच्या फाटकातून पहारेकरी धावत आला आणि रस्त्यात मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी मला आत वळवू लागला. थांबायची सोय नव्हती. मी वळले. माझ्यामागे, नियम सातप्रमाणे, अकरा मोपेडी वळल्या!

"फायनली!" एक तरुण मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून धावत आली. "मी निशा, कमिटी मेंबर. तीन आठवडे फॉलोअप घेतेय मी तुमच्या डासवाल्या कंपनीचा! बी विंगपासून स्टार्ट करा ना, प्लीज!"

"अहो, मी सहलीला आले—"

"आणि एवढी मोठी टीम! वॉव!"

वरच्या मजल्यांवर खिडक्या धडाधड बंद झाल्या. कुणीतरी "पार्किंगच्या कोपऱ्यात जास्त मारा!" अशी सूचना केली. मी बी विंगला वळसा घातला. ए विंगला घातला. नाकाला ओढणी लावून लोक टाळ्या वाजवत होते. धावता धावताच निशाने माझ्यापुढे कागद धरला, पण तो हाती लागला मागून आलेल्या काकांच्या.

"कंपनीचं नाव?" तिने विचारलं.

"जुनी मोपेड मित्रमंडळ," काका खोकत म्हणाले आणि त्यांनी झोकदार सही केली.

मागच्या फाटकातून बाहेर पडले, तर शेजारच्या गोठ्यातून एक बाई पदर खोचून आडव्या आल्या. "ओ बाई! त्यांच्यातच मारता व्हय? ह्या प्रेमलाबाईच्या म्हशीला डास चावत न्हाईत का? इकडं बी वळा की!"

तोवर मला नाही म्हणायची सवय गेली होती. मी गोठ्याला वळसा घातला. अकरा मोपेडी मागोमाग. म्हशीने मान वर केली, आमच्याकडे नीट पाहिलं आणि ती शिंकली.

गाडीला तेवढंच निमित्त हवं होतं. ती बंद पडली.

धूर हळूहळू विरला. रसवंती दोनशे पावलांवर होती. काकांनी टाकीचं झाकण उघडून आत बोट बुडवलं आणि वर धरलं. बोटावरून मधासारखी धार लागली.

"वल्लरी, हे पेट्रोल आहे का काकवी?"

"मी मोजून घातलं होतं!" मी म्हणाले. "मापाने!"

मग हेमाताई घसा खाकरून म्हणाल्या, "मीपण एक टोपण घातलं. तू पोहे खात होतीस तेव्हा. म्हटलं, पोरीला माहीत नसेल."

"तुम्ही?" काका म्हणाले. "मी तर पाव बाटली!"

मग एकेक जण कबूल होत गेला. कुणी एक टोपण, कुणी दोन, कुणी "अंदाजाने". अनंताची गाडी वाटेत जाम होऊ नये म्हणून अकराही जणांनी एकमेकांची पाठ वळलेली बघून ऑइल ओतलं होतं! शेवटी एक कोवळा, नीटनेटका माणूस पुढे आला. वाघोलीचे डॉक्टर आमोद, पाहुणे म्हणून हेमाताईंच्या मागे बसून आलेले.

"मीपण घातलं," ते म्हणाले. "माझ्या मनात आलं, ही गाडी जाम झाली तर सगळे म्हणतील, आमोदला जागा हवी होती. म्हणून जरा जास्तच घातलं."

आता पेच पडला. गाडी ढकलत नेली तर 'स्वतःच्या दमावर' आली का? हेमाताईंनी तिथेच, म्हशीच्या साक्षीने, नियमावली उघडली. बारावा नियम वाचला. त्याखाली बाबांच्या बारीक अक्षरात टीप होती : 'पायडल मारून आणलेली गाडी स्वतःच्या दमावर आली असे समजावे. मोपेड आहे. लाज कसली?'

मी गाडीवर बसले. उजवं मारलं, डावं मारलं. ती गाडी पायाने ओढणं म्हणजे कपाटाला फिरायला नेण्यासारखं आहे! पण डावं पायडल कुरकुरलं नाही. मागून मंडळ "हां! हां!" करत होतं, प्रेमलाबाई "पडंल बया ती!" म्हणत होत्या आणि डॉक्टर आमोद सर्वांत मोठ्याने ओरडत होते, "जमतंय! जमतंय!"

रसवंतीच्या बाकड्याला पुढचं चाक टेकलं. हेमाताईंनी घड्याळ बघून वहीत लिहिलं : 'क्रमांक १ : हजर.'

रसाचा पेला हातात घेऊन मी ती वही चाळली. प्रत्येक सहलीला एक पान. चालकाचं नाव, गाडीचा क्रमांक, आणि शेवटी एक रकाना : 'मागे बसणारे'. बाबांनी तो कधीच रिकामा सोडला नव्हता. अकरा वर्षं, दर पानावर, त्या रकान्यात एकच उत्तर होतं. 'पुढच्या वेळी.'

रसात आलं जरा जास्त होतं. डोळ्यांत पाणी येण्याइतकं.

तोवर काकांनी टाकी रिकामी करून, प्लग पुसून, पेट्रोल आणून, माझ्या देखत मापाने ऑइल घालून गाडी सुरू केली होती. माझ्या पायांचे उकडलेले दोडके झाले होते. मला बघून ते म्हणाले, "आता हिला मी नेतो. माझी गाडी डॉक्टर आणतील. तू मागे बस."

बाबांनी बसवलेली सीट मऊ होती. रांग लागली. काका पुढे बघून म्हणाले, "बसलीस का?"

मी मान डोलावली.

काकांनी गाडी हलवली नाही. मागे अकरा मोपेडी गुरगुरत होत्या. "नियम चार!" हेमाताई ओरडल्या. "स्पष्ट म्हणायचं!"

"बसले," मी म्हणाले.

"काय? ऐकू येत नाही!" इंजिनाच्या आवाजात काका म्हणाले. बरोबरच होतं. गाडीच तेवढी ऐकू येत होती.

मग मी सीटची कड घट्ट धरली आणि सगळ्या मांजरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले,

"बसले, बाबा! निघा!"