आबांची अँबॅसिडर आणि सलूनची खुर्ची

अन्याय झाला आहे तो आबांच्या अँबॅसिडरवर. दिवस बुद्ध पौर्णिमेच्या आदला. वेळ दुपारची, अर्धापुरात लाइन आल्या आल्या, कारण लाइन असल्याशिवाय कटर चालत नाही. आरोपी एकच. माझा सख्खा मामा, गौतममामा. वय सत्तरीला आलेलं, धंदा केळीची शेती, आणि नाद एकच, चांगल्या चाललेल्या वस्तूला हात लावण्याचा. त्यानं गाडीच्या डाव्या अंगाचे दोन्ही दरवाजे उतरवले, मधला खांब कापला, दोन दरवाजांचा मिळून एक दरवाजा केला, पुढची सीट काढली आणि तिच्या जागी सलूनची खुर्ची बसवली. हो, सलूनचीच. दाढीला बसतात ती. मान टेकायला उशी असलेली, गरागरा फिरणारी.

आता तुम्हीच सांगा, माणसानं गप्प बसायचं?

लातूरला आमची एक समिती आहे, जुन्या गाड्या मूळ रूपात राहाव्यात म्हणून. सभासद तीन. एकाच्या वडिलांची जुनी जीप आहे, मी आबांच्या गाडीच्या जोरावर, आणि तिसऱ्याकडे गाडी नाही पण प्रिंटर आहे. आमच्याकडे लग्नसराईत काय चालतं ते तुम्ही पाहिलंच असेल. धडधाकट अँबॅसिडरचं छत कापायचं, बाजूनं सोनेरी पाइप लावायचे, पुढं सिंहाचं तोंड बसवायचं आणि तिला 'व्हिंटेज' म्हणून नवरदेवाला मिरवायचं. खरी जुनी गाडी मारून खोटी जुनी गाडी बनवायची! याविरुद्ध आम्ही मंगल कार्यालयांच्या दारात पत्रकं वाटतो. वऱ्हाडी त्यांना हात पुसतात. तरी वाटतो.

मामाला मी प्रत्येक पत्रकाचा एक गठ्ठा पाठवायचे. तो फोन करून आणखी मागायचा. "पाठव गं, कागद लई दमदार हाय." मला वाटलं, माणूस बदलून राहिलाय. नंतर कळलं, तो त्यांचे गॅस्केट कापतो. विहिरीवरच्या इंजिनात 'मूळ रूप हाच इतिहास' हे माझं वाक्य आजही ऑइल अडवत बसलेलं आहे.

मामाच्या घरात एकही वस्तू दुकानातून आली तशी नाही. दाराच्या बेलला त्यानं ट्रॅक्टरचा भोंगा जोडलाय. पाहुण्यानं बटण दाबलं की गोठ्यातल्या म्हशी उभ्या राहतात, आणि मग घरातली माणसं. भिंतीवरचं घड्याळ इन्व्हर्टरला लावलंय. टोले पडायला लागले की घरातला दिवा मंद होतो. केळीचे घड ओढायला त्यानं जुन्या पलंगाची चाकं तारेवर टांगून रानभर रेल्वे केली. तीत पहिला प्रवास त्यानं स्वतः केला आणि शेवटचा पल्ला हवेतून पार पाडला. पंधरा दिवस गळ्यात हात घेऊन फिरला. विचारणाऱ्याला सांगायचा, "रेल्वे बराबर हाय. बिरेक लावायचा राह्यलाय."

त्याला नावं ठेवली की तो एकच बोलतो. "वरिजनल, वरिजनल काय करून राहिली? वरिजनल म्हंजे कंपनीचा अंदाज. घरातलं मानूस कसंय, हे कंपनीला काय मालूम?"

असल्या माणसाच्या अंगणात आबांची गाडी उभी होती, हीच मुळात चूक. आबा म्हणजे माझ्या आईचे आणि मामाचे वडील, बिलोलीला सरकारी दवाखान्यात डॉक्टर. आमच्या वस्तीतली पहिली चारचाकी त्यांची. ज्या गल्लीतून जाताना त्यांच्या आईला पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं, त्याच गल्लीतून आबांनी तिला पुढच्या सीटवर बसवून, काच खाली करून, गाडी सावकाश नेली. ती सीट! नांदेडला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथं येणाऱ्या गाड्या कुणाच्या असतात हे मी सांगायला नको. वाडेवाल्यांच्या आणि कारखानेवाल्यांच्या. त्यांच्या रांगेत आमच्या आबांची गाडी उभी राहावी, समोर त्यांच्या नावाची पाटी असावी, म्हणून मी नाव नोंदवलं होतं. अट एकच होती, गाडी मूळ रूपात पाहिजे.

आणि मी लातूरहून एसटीनं आले, अर्धापुरात उतरले, अंगणात पाय ठेवला, तर हे.

"मामा, हे काय आहे?"

"खुर्ची हाय."

"ते दिसतंय मला. इथं कामून?"

"सलून बंद पडलं. फुकट भेटली. घरात ठिवायला जागा न्हाई."

"म्हणून आबांच्या गाडीत?"

"मंग काय कडब्याच्या गंजीवर ठिवू? अन् बघ तरी, फिरतीबी." त्यानं फिरवून दाखवली. खुर्ची दारातून निम्मी बाहेर आली आणि माझ्याकडं तोंड करून थांबली. जणू मीच गिऱ्हाईक.

"आरटीओवाले पकडतील."

"पकडू दे. त्येंनाबी बसवतो, दाढी करून देतो."

"मामा, पणजी बसली होती त्या सीटवर! तुझी आजी!"

हातातलं फडकं त्यानं दोनदा झटकलं. मग एकदम, गरज नसताना, आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडला, "माझ्या बापाची गाडी हाय! माझं डोस्कं फिरलंय! मी कायबी बसवीन!"

आतून मामीचा आवाज आला, "फिरलंय हे आज कळलं व्हय तुमाला?"

कमलमामी आतच असते. लकव्यानं तिची डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत आहे आणि पूर्वीपेक्षा धारदार. काठी घेऊन ती मोरीपर्यंत जाते, फार तर अंगणाच्या पायरीपर्यंत. गाडीत चढणं जमत नाही. एकदा दवाखान्यात न्यायचं म्हणून शेजारच्या पोरांनी तिला चौघांत उचलून जीपमध्ये घातलं होतं. पदर खांद्यावरून गेला, आणि सावरायला चालणारा हात पोरांच्या हातात अडकलेला. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता मला उचलायचं ते शेवटचंच." तेव्हापासून ती कुठंच गेली नाही. दर बुद्ध पौर्णिमेला ती माहेरी, मुरुडला जायची, बहिणीबरोबर विहारात वंदनेला. तेही बंद झालं.

त्या रात्री मी मामाशी बोलले नाही. जेवले मात्र पोटभर. भांडण तत्त्वाचं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी मामा पांढराशुभ्र सदरा घालून मामीच्या दारात उभा. "कमल, खुर्ची वजन सोसती का बघायचंय. जरा बसून दाव."

"मी काय काटा हाय तुमचा?"

"ही पत्रकवाली बसंना. तिचं तत्त्व मोडतंय."

मामी माझ्याकडं बघून हसली आणि काठी टेकत टेकत अंगणात आली. अंघोळ करून पांढरं लुगडं नेसलेलीच होती, सणाचा दिवस. खुर्ची दाराबाहेर तोंड काढून तिची वाट बघत होती. मामी पाठमोरी झाली आणि पलंगावर बसावं तशी बसली. उजवा पाय तिनं जमिनीला रेटला, तशी खुर्ची तिला घेऊन हळूच आत वळली. कुणी हात लावला नाही. मामा तर चार पावलं लांब उभा होता, हात पाठीमागं घट्ट धरून.

"सोसती की," मामी म्हणाली.

"हाव. मंग आता बसलीच हायेस, तर जरा पेट्रोल भरून येऊ."

मी मागं बसले. अर्धापूर सुटलं, नांदेड आलं आणि गेलं. दोन पंप लागले, मामानं मान वळवली नाही. लोह्याच्या पुढं मामी बाहेर बघत म्हणाली, "पेट्रोल लई लांब भेटतंय आजकाल."

"तिकडं चांगलं भेटतंय," मामा म्हणाला.

लातूरही मागं पडलं. मामीचा चालता हात खुर्चीच्या दांडीवर होता. तो मधूनमधून दांडीवर ताल धरायचा आणि मामानं पाहिलं की थांबायचा.

मुरुडला बहिणीच्या दारात गाडी थांबली तशी घरातली पोरं उचलायला धावली. मामीनं काठी वर केली. "हात लावताल तर बघा!" पाय रेटला, खुर्ची फिरली, ती दारात आली आणि उभी राहिली. आपली आपण. बहीण रडायला लागली, तर तिला म्हणाली, "रडती काय, दाढीला न्हाई आले." मग दोघी विहाराकडं चालू लागल्या. मामा त्यांच्याकडं पाठ करून हेडलाइट पुसत राहिला. हेडलाइट स्वच्छ होता. मी सांगते, आरशासारखा होता.

आम्ही विहारातून परतलो तर गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या गाडीजवळ थांबलेल्या. एक खुर्चीत बसली होती, बाकीच्या दोघी तिला फिरवत होत्या आणि मामा त्यांना सांगत होता, "सावकाश, मावशी. अजून बिरेक लावायचा हाय."

दुसऱ्या दिवशी अर्धापूरला मामानं मला गोठ्यामागं नेलं. तिथं पोत्यात गुंडाळलेलं सगळं होतं. कापलेला खांब, दरवाजांची मूळ हँडलं, आणि आबांची सीट, जुन्या चादरीत, डाग न लागता ठेवलेली. "सगळं जपलंय. तुझ्या प्रदर्शनाच्या आत व्हतं तसं करून देतो. वेल्डिंगचा डागबी दिसू देणार न्हाई."

"आणि मामी?"

"एकदा जायचं व्हतं तिला. गेली."

"मामा, ही खुर्ची तिच्यासाठी केली हे मला आधी का नाही सांगितलं? अंगणात उभी राहून मी काय काय बोलले तुला."

"हळू बोल," तो म्हणाला. "आबाची गाडी तिच्यापायी कापली, हे तिला कळलं आसतं तर ती जन्मात बसली नसती. सासऱ्यावर लई जीव तिचा. म्हनून म्हनलं, आपल्याला समदे येडं समजतेतच. मग येड्यानंच केलं आसं ऱ्हाऊ दे. येड्यानं केलेल्याचं कुनावर वझं ऱ्हात न्हाई."

अर्धापुरातलं ते सलूनही बंद पडलेलं नाही. परवाच तिथून जाताना बघितलं, जोरात चालू आहे.

प्रदर्शनातून मी आबांच्या गाडीचं नाव काढून घेतलं. वाडेवाल्यांच्या रांगेत आबांची पाटी लागली नाही, हे मला टोचतं आणि टोचत राहील. माझं मतही बदललेलं नाही. मूळ गाडी मूळच राहिली पाहिजे, आणि मिरवायसाठी छत कापणाऱ्यांनो, आम्ही या सीझनलाही तुमच्या दारात उभे आहोत. मामाच्या अंगणातली खुर्ची मात्र मी काढू दिली नाही.

आता तुमच्याकडं येते. आमच्या पत्रकावर तुमची सही हवी आहे, पण लगेच करू नका. आधी घरात जा. 'तुम्ही या जाऊन, मी बसते घरी' असं जी आताशा म्हणायला लागली आहे, तिला बाहेर घेऊन या. तुमच्या गाडीचं दार उघडा. हात लावू नका, चार पावलं लांब उभे राहा. ती आपली आपण बसली, तर या आणि सही करा. नाही बसू शकली, तर पेन खाली ठेवा आणि आधी तिच्या बसायचं बघा.