पेल्यावरचा पत्ता

राजापेठेत घरोघरी नावाच्या पाट्या आहेत. गुलाबराव राऊतांच्या फाटकावर ईमेल आहे. ऑइलपेंटनं, ठळक अक्षरांत, आणि त्याखाली ‘कुत्र्यापासून सावध राहा’. कुत्रा त्यांच्याकडे कधीच नव्हता. ईमेल मात्र खरा आहे, आणि तो मीच काढून दिला.

मी शेजारी कॉम्प्युटरचे क्लास चालवतो. गुलाबराव ग्रामसेवक म्हणून निवृत्त होऊन भातकुलीहून इथं राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढं येऊन बसले. मी त्यांना नेहमीची जाहिरात ऐकवली. काका, घर बदला, फोन बदला, हा पत्ता जन्मभर तोच राहतो, जगात कुठूनही कोणी लिहावं. हे मी येईल त्याला ऐकवतो. मनावर घेणारे गुलाबरावच निघाले.

नव्या घराच्या वास्तूला त्यांनी पाहुण्यांना स्टीलचे पेले वाटले. लोक भांड्यांवर नाव घालतात, तारीख घालतात. यांनी ईमेल घातला. अक्षरामागं पैसे घेणाऱ्या भांडेवाल्याशी भांडून मधलं ‘ॲट’चं चिन्ह फुकटात पाडून घेतलं, त्यामुळं ते चकलीसारखं दिसतं. वास्तूला न आलेल्यांनाही सुटका नव्हती. गुलाबराव स्वतः एसटीनं अंजनगावला, अकोल्याला जाऊन पेले पोचवून आले. न आलेल्याचा आहेर वसूल करायला जाणारे मी पाहिलेत, त्याच्या घरी पेला घेऊन जाणारा हाच पहिला.

पुढं जे व्हायचं ते झालं. त्या वर्षांत कापूस धड होत नव्हता, पण अर्ज भरघोस होत होते. विमा ऑनलाइन, अनुदान ऑनलाइन, आणि प्रत्येक ठिकाणी ईमेल हवाच. आमच्या वऱ्हाडी माणसाकडं ईमेल कुठला? त्यानं उठून फडताळातला पेला काढला आणि त्यावरचा उतरवून दिला. पूर्वी पत्र दुकानदाराच्या मार्फत यायचं, तसं आता गुलाबरावांच्या मार्फत येऊ लागलं. निम्म्या तालुक्याचं भलं करून सरकार त्यांना कळवू लागलं.

मग ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची खाती आली. ‘प्रिय विकी, आपलं खातं उघडलं आहे.’ ‘प्रिय पिंकी, आपलं स्वागत असो.’ विकी कोण, पिंकी कोण, देवास ठाऊक. मी सांगायचो, काका, हा तुमच्या पत्त्याचा गैरवापर आहे. ते म्हणायचे, ‘खातं त्यायचं, पत्ता आपला. आपल्या बापाचं काय गेलं?’ इंग्रजी पत्र आलं की फोन घेऊन माझ्याकडं हजर. पहिला प्रश्न ठरलेला, ‘नाव काय हाय?’ नाव ऐकलं की ‘बरं’ म्हणायचे आणि उरलेलं पत्र मी स्वतःसाठीच वाचायचो. एकदा तर त्यांनी कंपनीच्या यंत्राला उलट टपाली आभार मानले होते.

बापाचं काय जातं ते अकोल्याच्या एका गृहस्थानं येऊन दाखवलं. त्यानं मोबाइलवर जाहिरात पाहून जुना फवारणी पंप घेतला, पैसे भरले, पंप आला नाही. पावतीवर मात्र विकणाऱ्याचा म्हणून गुलाबरावांचा ईमेल आला. पुढं सासुरवाडीला जेवताना त्याच्या हातात पेला पडला आणि त्याला चोर सापडला. तो पुरावा हातात घेऊनच दारात उभा राहिला. गुलाबरावांनी त्याला आत बसवलं. काकूंनी पाणी आणलं, तेही तसल्याच पेल्यात. गृहस्थानं दोन्ही पेले शेजारी ठेवून ताडून पाहिले.

दुपारपर्यंत तो त्यांचा मावससोयरा निघाला आणि जेवूनही गेला, पण पोलिसात जाणार हे सांगून. माळ्यावर एक पंप पडून आहे तो देऊन मिटवा, असं मी सुचवलं होतं. गुलाबराव म्हणाले, तो पंप आपला नाही.

तो गेल्यावर मी पत्ता कायमचा बंद करायला बसलो. गुलाबरावांनी माझा हात धरला.

‘मास्तर, बंद नोका करू.’

मी म्हटलं, उद्या पोलीस येतील.

‘येऊ द्या. त्यायले बी पानी देऊ.’

मग मात्र मी चिडलो. या पत्त्यावर असं कोणाचं सोनं येऊन पडणार आहे, असं तिरकसपणे विचारलं. गुलाबराव पेल्यावरच्या चकलीवर बोट फिरवत बसले.

‘आमचा दिनू हाय न. लहाना भाऊ.’

शेजारी राहून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. शेती दिनू करायचा. लागोपाठ दोन हंगाम बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हा शेत विकायचं गुलाबरावांनी ठरवलं. दिनू नको म्हणत होता. खरेदीखतावर सही करून तो घरी आला, पंप धुऊन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जो गेला तो गेलाच. आम्ही बसलो होतो ते घर त्याच पैशातलं.

‘भातकुलीचं घर इकलं. फोन बदलला. हे घर त्यानं पाह्यलंच नाही. पन आपल्याकडं दारात आलेल्या मानसाले पह्यले पानी तर देतेच न? कोन्या तरी सोयऱ्याकडं तो पानी पेईन, गिलास पाहीन. पत्ता बदलत नाही म्हून तुमीच सांगतलं होतं.’

मला फार वाईट वाटलं. माझ्या जाहिरातीवर एवढा भार कोणी टाकला असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

पत्ता बंद केला नाही. पोलिसांत अर्ज दिला, पासवर्ड बदलला, त्या साऱ्या कंपन्यांना लिहिलं. पत्रं अजून येतात. प्रत्येकाखाली ‘हे खातं मी उघडलेलं नाही’ असं बटण असतं. पूर्वी आम्ही त्याच्या वाटेला जात नव्हतो, आता मी नाव मोठ्यानं वाचतो आणि काकांनी सांगितलं की दाबतो.

‘राकेश.’

‘नाही. दाबा.’

‘सोनू.’

‘नाही.’

परवाच्या पत्रावर ‘डी. राऊत’ असं होतं. राऊत आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत आणि डी तर कोणीही लावील. हे त्यांना सांगायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. गुलाबराव खुर्चीत पुढं सरकले.

‘मास्तर, हे नोका दाबू.’

मी फोन उलटा ठेवला. काकूंनी पाणी आणलं.