लारीचं गाळलेलं पाणी

जुनी लारी घेण्यात आम्ही फसलो, असं पैनगंगेअलीकडच्या आमच्या मालेगावात अजून कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा माझ्याकडे यावं. चहा पाजून समजावून सांगेन. लारी चांगली होती. विकणारा सचोटीचा होता. आमचे हे तर असे पक्के, की भेंडी घेतानाही एकेकीचा शेंडा मोडून बघतात. शिवाय मोटारीतलं कळणारा गफ्फारमिया सोबत होता. चूक कोणाचीच नव्हती. इतकी बिनचूक माणसं एका जागी आली म्हणजे काय होतं, तेवढंच मला सांगायचं आहे.

लढाईचा चौथा हिवाळा होता. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, म्हणजे चिठ्ठी मिळायची आणि पेट्रोल मिळायचं नाही. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी त्या झाडाखाली उभ्या करून ठेवल्या होत्या आणि कोंबड्या त्यांच्या गादीवर अंडी घालीत होत्या. नेमकं त्याच वेळी यांनी मोटार घ्यायचं मनावर घेतलं. कारण जिजी.

जिजी म्हणजे यांची थोरली बहीण, भंवरीबाई. यांची आई लवकर गेली. जिजींनी यांना अंगाखांद्यावर वाढवलं, आणि नवरा गेल्यावर माहेरी परत आल्या तेव्हा राहिलेलं वाढवायला घेतलं. हे पन्नाशीला आले तरी त्यांचं ते काम चालूच होतं, आणि यांना हाकही लहानपणचीच, चंपा. दरवर्षी पार्श्वनाथाच्या दशमीला शिरपूरला दर्शनाला जायचं हा जिजींचा नेम. पण कमरेने दावा धरला आणि बैलगाडीचे धक्के सोसवेनासे झाले. तीन दशम्या चुकल्या. जिजी तोंडाने काही बोलायच्या नाहीत. दशमीला सकाळी अंगणात यायच्या, शिरपूरच्या दिशेला हात जोडायच्या आणि आत जाऊन डाळ निवडायला बसायच्या. यांना ते पाहवत नसे.

म्हणून हे गफ्फारमियाला घेऊन पैनगंगेपलीकडे मोगलाईत गेले. तिथे निजामाचं राज्य, नाणं वेगळं, कायदा वेगळा. हिंगोलीला रऊफसेठ नावाचे जुन्या मोटारींचे एक व्यापारी होते. तिसऱ्या दिवशी हे लारी घेऊनच परतले. पुढे दोघातिघांना बसायची जागा, मागे माल टाकायला उघडा हौदा आणि दोन्हींच्या मधे माणसाएवढं लोखंडी पिंप. त्या पिंपात लाकडी कोळसा पेटवायचा, त्याचा वायू नळीने इंजिनात जाणार आणि लारी पेट्रोलवाचून पळणार. न्हाणीघरातला बंब संन्यास घेऊन प्रवासाला निघाला तर जसा दिसेल तशी ती दिसत होती.

यांना मात्र लारीपेक्षा रऊफसेठांचं कौतुक.

"अवं, काय माणूस हाय तो," हे सांगू लागले. "मुसलमान, पण मनानं श्रावक. निंघतांनी माहा हात धरला अन् म्हणे, सेठजी, एकही बात याद रखो. छानके डालना. बगैर छाने कभी मत डालना."

आता आमच्या जैन घरात गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब कोणी तोंडाला लावत नाही. पाणी फडक्यातून गाळायचं, फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहिले असतील ते परत त्याच विहिरीत सोडायचे, आणि गाळलेलं पाणी दोन घटकांनी पुन्हा गाळायचं. परराज्यातला परधर्माचा माणूस मोटारीलासुद्धा गाळलेलंच पाणी घाला म्हणतो, हे ऐकून यांचे डोळे भरून आले होते. त्याच दिवशी लारीसाठी दोन हात नवी मलमल आणली. माझ्या पोलक्याला मागितली तेव्हा बाजारात मलमल नव्हती.

दशमीच्या आधी जिजींनी दोन दिवसांचा उपवास धरला. उकळलेल्या पाण्याशिवाय काही नाही. तिसऱ्या दिवशी शिरपूरला जायचं, दर्शन घ्यायचं आणि तिथेच पारणं करायचं. पण पारणं सूर्य मावळायच्या आत व्हायला हवं. मावळला की तोंडात शीतसुद्धा नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

"सूर्य मावळाच्या आंत?" हे हसले. "जिजी, तू दहा वाजता मुगाचं पाणी पिशील."

सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. मी कोळशाच्या पोत्यात सहज हात घातला तर निम्मा चुरा. हे एकेक खडा उचलून, मुंगीबिंगी नाही ना हे बघून, हलक्या हाताने पिंपात सोडत होते आणि मग उरलेला चुरा सुपडीने वर लोटत होते.

"हा चुरा काढा," मी म्हटलं. "चुऱ्यानं शेगडी गुदमरते."

"अवं, हे शेगडी हाय का? मोटार हाय. तुले मोटारीतलं काय समजते?"

खरंच मला काही समजत नव्हतं.

मग पाणी. गफ्फारमिया बादली घेऊन आला तर हे मलमल घेऊन आडवे.

"शेटजी, मोटारीले कायले गाळलेलं पाणी?" गफ्फारमिया म्हणाला. "ते काय पिऊन उपास सोडून राह्यली?"

"रऊफसेठनं सांगतलं हाय."

"तवा मी कुठं होतो?"

"तू मोटारीखाली घुसला होता."

गफ्फारमियाने बादली खाली ठेवली. विकणाऱ्याचंच म्हणणं म्हटल्यावर त्याने यांना पाणी गाळू दिलं.

पिंप पेटवायला तेलाची चिंधी, तिला हवा द्यायला हाताने फिरवायचा पंखा. गफ्फारमियाने फिरवला, यांनी फिरवला, पुन्हा गफ्फारमियाने फिरवला. गल्लीभर धूर झाला. शेजारच्या दोन घरांनी वाळत घातलेले पापड उचलून नेले. दहा वाजता लारी एकदा शिंकली, दोनदा खोकली आणि चालू झाली. जिजींना पुढे गादीवर बसवलं, त्यांच्या शेजारी हे. मी मागे हौद्यात, कोळशाच्या दोन पोत्यांच्या मधे.

गाव सुटून मैलभर गेलो नाही तोच लारी धापा टाकू लागली. चढ तो किती, तर पाटावरून उठण्याएवढा. लारी त्यावर चढली आणि तोंडातून वाफा सोडत उभी राहिली.

"पाणी कमी झालं," गफ्फारमिया म्हणाला.

विहीर वावरापलीकडे होती. हे गेले, पाणी शेंदलं, गाळलं, आणून लारीत ओतलं, मग फडक्यावरचे जीव सोडायला पुन्हा विहिरीवर गेले. या दोन खेपांत अर्धा तास गेला. लारी चालू झाली, दीडेक मैल रडतखडत गेली, तेवढ्यात हे म्हणाले, "गफ्फार, थांबव. दोन घटका झाल्या. हे पाणी आता काढा लागते."

"काढा लागते?"

"काढून पुन्हा गाळा लागते."

गफ्फारमियाने दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोरच्या बाभळीकडे बघत राहिला. शेवटी त्याने जिजींकडे मान वळवली. "जिजी, तुमीच सांगा. तुमच्यात उकळलेलं पाणी किती टाइम चालते?"

"उकळलेलं? आठ प्रहर. दुसऱ्या दिवसापावतर."

"मंग यातलं पाणी सकाळपासून उकळूनच राह्यलं ना."

जिजींनी विचार केला. धर्माच्या बाबतीत त्या कोणाची भीड ठेवत नाहीत. "बरोबर हाय त्याचं, चंपा," त्या म्हणाल्या. "चालू दे."

पाण्याचा प्रश्न असा सुटला, पण लारी काही सुटेना. पुढे एका निंबाखाली ती जी थांबली ती हलेचना. गफ्फारमियाने टोपण उघडलं, एकेक पुर्जा काढून गोधडीवर मांडला, पुसला, परत बसवला. दुपार कलली. जिजी निंबाखाली जप करीत बसल्या होत्या. दोन दिवसांचं उपाशी तोंड, ओठ सुकलेले, पण तक्रार नाही. हे जरा जरा वेळाने त्यांच्याकडे बघत आणि पुन्हा इंजिनात डोकं घालीत. त्यांना इंजिनातलं काही कळत नाही. पण तिथे तोंड लपवता येत होतं.

तेवढ्यात मागून सोमला बंजाऱ्याची बैलगाडी आली. आमच्या दुकानातला रोजचा माणूस. सोबत बायको कमलीबाई, गाडीत तुरीची पोती. दोघं शिरपूरलाच निघालेले.

"रामराम शेटजी. काय झालं?"

"काही नाही. थंडी होऊ द्यून राह्यलो."

सोमलाने आभाळाकडे पाहिलं, मग जिजींकडे. "बसता का जिजी गाडीत? दिवस डुबाच्या आंत पोचवतो."

"नाही," हेच आधी बोलले. "जिजीची कंबर बैलगाडीत टिकत नाही. त्याच्यासाठीच तर मोटार घेतली."

"मोटार तर उभी हाय," कमलीबाई म्हणाली. ती चेष्टेने बोलली नाही. तिला दिसलं ते तिने सांगितलं.

यांचा चेहरा मला बघवेना. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून गफ्फारमियाला विचारलं, "भाऊ, हे पिंपातलं पेटलेलं तरी हाय का?"

त्याने खालची झडप उघडली. आतून राखेचा आणि चुऱ्याचा गच्च लगदा घसरला. वायू गाळायचा डबा उघडला, तर त्यातलं कापड डांबरात बुडवल्यासारखं.

"चुऱ्यानं गुदमरली," मी म्हटलं.

गफ्फारमिया सावकाश उठून यांच्यासमोर आला. "शेटजी, रऊफसेठ म्हणे ना, छानके डालना? तवा त्याचा एक हात तुमच्या हातात होता. दुसरा कुठं होता?"

"दुसरा? दुसरा टाकीवर."

"कोणत्या टाकीवर? पाण्याच्या?"

हे पिंपाकडे वळून बघू लागले. मग हळूच म्हणाले, "मोठ्या."

"कोयशाच्या."

"तो... कोयसा चाळून घाल म्हणे का रे?"

बैलाने मान हलवली, तेवढी घुंगरं वाजली.

कमलीबाईने गाडीतून सूप काढलं. तूर पाखडायचं, चांगलं मोठं. मी पोतं ओतलं आणि आम्ही दोघी वाऱ्याला उभ्या राहून कोळसा पाखडू लागलो. गफ्फारमिया डबा झोडपत होता, सोमला खडे भरत होता, हे पंखा फिरवत होते. सूप एकच होतं, पण पोत्यांजवळ जिजी येऊन बसल्या आणि पदरात कोळसा घेऊन चुरा झटकू लागल्या.

"जिजी, तू काहून?" हे ओरडले. "उपाशी हायेस तू."

"तोंड उपाशी हाय. हात नाही. फिरव तू पंखा."

स्वच्छ खडे पडले आणि लारी अशी सुरू झाली, की आम्ही सगळे दचकलो. खोकला नाही, धाप नाही. सोमलाचे बैल बिचकले. पुढचा रस्ता लारी एका दमात गेली. हे मागे वळून माझ्याकडे बघत होते आणि काहीतरी सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं, पण मी मान हलवली. शिरपूरचं देऊळ दिसलं तेव्हा सूर्य चांगला हातभर वर होता.

"पोचलो, जिजी," हे म्हणाले.

जिजी उतरल्या. धर्मशाळेतल्या बाया सामोऱ्या आल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. तेव्हा कुठे आम्ही एकमेकींकडे नीट पाहिलं. जिजींचं पांढरं लुगडं कमरेपासून वर काळंकुट्ट. तोंडावर फक्त डोळे पांढरे. मी त्याहून वाईट असणार, कारण एका लहान पोरीने मला बघून आईचा पदर धरला.

"अशी देवापुढं जाऊ?" जिजी म्हणाल्या. "पाणी आणा."

कोळसा तसा जात नाही. पहिली बादली काळी, दुसरी काळी. मी पाठ चोळत होते आणि काळं पाणी वाहत होतं. हे न्हाणीबाहेर उभे राहून सूर्याकडे असे बघत होते, की जणू यांनी पापणी लववली तर तो खाली पडेल. चौथ्या बादलीला पाणी जरा पांढरं झालं. माझं दुसरं लुगडं नेसून जिजी बाहेर आल्या. यांची पापणी लवली असावी. सूर्य गेला होता.

हे पायरीवर मटकन बसले. "जिजी, म्या तुले उपाशी ठेवलं. तिसरा दिवस."

जिजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ओला होता, तरी थोडा काळा उमटला. "चंपा, आयकून घे. सलग तीन उपास, तेला करायचं माह्या मनात लई वर्षाचं हाय. पण दोन झाले की जीव घाबरते, अन् तिसऱ्या दिवशी मी काही ना काही कारण काढून सोडते. आज सोडायले जागाच नाही भेटली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं दर्शन झालं. भंवरीबाईंचा तेला पुरा झाला ही बातमी देवळाच्या आवारात पसरली. बायांनी गाणी म्हटली, कोणी खांद्यावर शाल घातली, मुगाचं पाणी द्यायला चढाओढ लागली. जिजींनी कोळशाचं नाव काढलं नाही. सगळा मोठेपणा देवाला दिला आणि राहिलेला स्वतःकडे ठेवला.

पण गफ्फारमियाच्या पोटात काही राहत नाही. दुपारपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं. आम्ही निघायच्या तयारीत असताना लखमीचंद नावाचे एक व्यापारी यांच्याजवळ आले. चेहऱ्यावर हसू नाही, आवाजात चेष्टा नाही.

"शेटजी," ते म्हणाले, "पुढच्या दशमीले तुमची लारी भेटल का? आमच्या आईले तेला कराची लई इच्छा हाय. दोन होतात, तिसरा निभत नाही."

मी तोंडाला पदर लावला. यांनी लारीकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, आणि लग्नाला तीस वर्षं झाली तरी मी यांच्या तोंडून पहिल्यांदाच अशी गोष्ट ऐकली.

"भेटल की," हे म्हणाले. "तीन उपास पाह्यजेत का आठ, ते सांगून ठेवा. त्या मानानं चुरा टाकतो."

लखमीचंदांनी मनातल्या मनात मोजलं.

"आई थकली आता," ते म्हणाले. "तीनच ठेवा."