सतरंजीतल्या राघूच्या सुटकेची बखर

थोरल्या मावशीसाहेब यांणी दुपारचा चहा घेता घेता बखरकारास फर्माविले जे, आमचे सतरंजीच्या फोटोवरून जो रणसंग्राम जाहला तो आद्यंत लिहून काढावा, कोणाची भीड धरू नये आणि मीठमसाला लावू नये. त्यास बखरकाराने अर्ज केला की, भीड धरणार नाही, परंतु मीठमसाल्यावाचून बखर म्हणजे आजाऱ्याचे जेवण. तेव्हा बाईसाहेब किंचित हसल्या आणि चिमूटभराची परवानगी जाहली. तितकाच घालून लिहिले आहे.

मावशीसाहेब म्हणजे हातमागाचे कामी मोठी मातबर असामी. परंतु कुल उमर गेली ती लोकांचे दाराशी टाकावयाच्या पट्ट्या विणण्यात. ज्याने त्याने पाय पुसावे आणि आत जावे, विणणारीची चौकशी कोणी करू नये. ऐसे असता एकदा मनात आले की, मरण्यापूर्वी भिंतीवर लागेल ऐसे एक तरी काम करावे. मग तांबडी जमीन धरली आणि मधोमध हिरवा राघू मांडिला. चोचही हिरवीच विणली, कारण तांबडी चोच तांबड्या जमिनीत बुडाली असती. गुडघे कुरकुरू लागले तरी मागावरून उठल्या नाहीत, आणि सतरंजी ऐशी उतरली की शेजारीण वाटीभर साखर मागावयास आली ती साखर विसरून घरी गेली. इतक्यात हस्तकलांचे मोठे प्रदर्शन भरत असल्याची खबर आली. कलम ऐसे होते की, आधी वस्तूचा फोटो पाठवावा, पसंत पडल्यास वस्तू भिंतीवर लावू. खबरच उशिरा पोहोचली, सबब मुदत त्याच दिवशी सूर्यास्तापर्यंत.

ही कामगिरी भाचेसाहेबांवर सोपविली. भाचेसाहेब फोटोच्या हुन्नरात नामांकित, आणि गणगोतांत त्यांस ‘कृष्णधवल सरकार’ ऐसा किताब होता. कारण मडकी, टोपल्या, लाकडी खेळणी, जे समोर येईल त्याचा रंग हरण करून काळेपांढरे करून सोडीत. कोणी कारण पुसले तर प्रवचन झोडीत की, रंग म्हणजे नुसता गोंगाट, वस्तूचा आत्मा काळ्यापांढऱ्यात वसतो. लोक माना डोलावीत. आता आतली गोष्ट सांगतो, कारण बखरकारास परक्याच्या पोटातले ठाऊक असते. सरकारांस तांबडे आणि हिरवे यांतील भेद जन्मापासून दिसत नव्हता. शाळेत चित्रकलेचे वर्गात झाडास लालभडक पाने रंगविली आणि सारा वर्ग पोट धरधरून हसला, तेव्हापासून हे गुपित काळजात कोंडून वर कुलूप ठोकले होते. बायकोसही पत्ता नव्हता. ती बापडी समजे की आपला नवरा कलावंत आहे.

मग सरकार कॅमेरा, तिपाई, दोन दिवे आणि पांढरे पुठ्ठे ऐसा सरंजाम घेऊन मावशीसाहेबांचे घरी दाखल जाहले आणि हुकूम सोडिला की, फोटो होईतो खोलीत चिटपाखरू नको. मावशीसाहेब बाहेर जाता जाता बोलिल्या, “चोच तेवढी नीट येऊ दे हां. तिच्यावर फार जीव ओतलाय मी.”

सरकार जागीच थिजले. समोर एकरंगी सपाट सतरंजी, आणि चोच कोणाची? उलटी करून पाहिली, झटकून पाहिली, गुडघे टेकून खालून पाहिली, चोच नाही. हाक मारून पुसावे तर अब्रू जाते. मग ऐसी मसलत केली की, विणकामात कोपऱ्यासच चोच म्हणत असावेत, आणि चारही कोपऱ्यांचे एकाहून एक सरस फोटो काढिले. मग सतरंजी हाताला आली तशी भिंतीवर टांगून मुख्य फोटो घेतला, संगणकावर चढविला, एक कळ दाबून कुल रंग उतरविला आणि कोपऱ्यांच्या फोटोंसकट प्रदर्शन भरविणाऱ्या बाईंकडे रवाना करून मिशीवर हात फिरविला. मिशी नव्हती, तरी फिरविला.

दुपार कलते तो उलट जबाब आला. मजकूर ऐसा की, वीण सुबक आहे, कोपरे तर लाजवाब, परंतु साध्या बिननक्षीच्या सतरंज्या आम्ही घेत नाही.

मावशीसाहेब धावत संगणकापाशी आल्या. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत राख पसरावी तैसे जाहले होते. राघू सबंध गारद! त्या रागावल्या नाहीत. रागावत्या तर बरे होते.

“माझेच डोळे गेले रे,” त्या म्हणाल्या. “रंग धडपणे उठलेच नसणार. म्हातारपणी उगाच हौस केली.”

आणि तिजकडे न पाहताच सतरंजी भिंतीवरून काढून गुंडाळू लागल्या. सरकारांनी प्रथम उजेडावर ठपका ठेविला, मग कॅमेऱ्यावर, मग वीजपुरवठ्यावर. मावशीसाहेबांनी काही ऐकिले नाही. सतरंजी काखेत मारून दाराकडे निघाल्या आणि म्हणाल्या, “टाकते उंबऱ्यापाशी. पाय पुसायला तरी होईल.”

इतक्यात सूनबाई, म्हणजे सरकारांचे कुटुंब, कामावरून परभारे तेथेच आल्या, आणि मावससासू दाराशी वाकलेली आणि नवरा पांढराफटक, ऐसा देखावा त्यांचे दृष्टीस पडिला. सरकारांपुढे पेच पडला. आजवर लपविले ते उघडे करावे तर दोघींदेखत हसे, न करावे तर म्हातारीची उमेद पायपुसण्यात जाते. मग सरकार जे बोलिले ते बखरकार जसेच्या तसे देतो.

“मावशी, थांब. तुझ्या रंगांत काही खोट नाही. मलाच दिसत नाही. लाल नि हिरवं मला एकच दिसतं, लहानपणापासून. त्यावर कुठला पक्षी आहे, तेही मला माहीत नाही.”

“अरे गाढवा!” मावशीसाहेब कडाडल्या. “मग बोलायला काय झालं होतं? मी इथं माझे डोळे गेले म्हणून रडतेय!”

सूनबाई सावकाश म्हणाल्या, “म्हणजे तो आत्मा वगैरे?”

“थापा.”

“आणि माझी लाल साडी? शांत, मातकट म्हणून वाखाणली होतीस ती?”

येथे जी चकमक उडाली तिचा तपशील बखरकार देत नाही. घरोघरी मातीच्या चुली.

मग सूनबाईंनी संगणकाचा ताबा घेतला आणि मूळ रंगीत फोटो उघडिला. पाहतात तो राघू साबूत, तजेलदार, परंतु पाय आभाळात आणि डोके पाताळात! मावशीसाहेब हसता हसता खुर्चीत कोसळल्या आणि डोळ्यांस पदर लाविला. राघूस उभे केले. सूनबाईंनी सल्ला दिधला की, दिवस बुडत आला, हाच रंगीत पाठवून मोकळे व्हावे. सरकारांनी मान तुकविली, परंतु अर्ज केला की, एक क्षणभर मलाही पाहू द्या.

काळेपांढरे करतानाही प्रत्येक रंग निराळा गडद वा फिका करता येतो, त्याच्या सरकत्या पट्ट्या संगणकात असतात. सरकारांनी त्यांस भयाने कधी हात लाविला नव्हता. आज तांबड्याची पट्टी गडदाकडे दाबली, हिरव्याची उजेडाकडे लोटली, आणि काळ्याकुट्ट जमिनीतून पांढराशुभ्र राघू हळूहळू वर आला. आधी पाठ, मग पंख, मग ती चोच. सरकार पडद्याला नाक लावून बसले.

“मावशी, ह्यानं मान वळवलीय. मागे बघतोय तो.”

“हो रे,” मावशीसाहेब म्हणाल्या. “कुणी हाक मारली की बघतात ना, तसा.”

सूनबाईंनी सरकारांचे पाठीवर हात ठेविला. मग मावशीसाहेबांनी हुकूम दिधला की, हाच पाठवावा. सूनबाईंनी रंगाची बाजू मांडून पाहिली, ती खारीज जाहली. मावशीसाहेब म्हणाल्या, ज्याने काढला त्याला दिसतो तोच जाईल. मग सूर्य गच्चीआड उतरता उतरता फोटो रवाना जाहला, आणि दिवेलागणीस जबाब आला: पसंत. खाली पुस्ती होती की, कोपरे पुन्हा पाठवू नयेत.

येणेप्रमाणे सतरंजी प्रदर्शनाचे दर्शनी भिंतीवर लागली, तिजखाली मावशीसाहेबांचे नाव, आणि शेजारी तो काळापांढरा फोटो. पहिलेच दिवशी एका गृहस्थाने सरकारांस गाठून पुसले की, इतकी रंगीत वस्तू, फोटो का बिनरंगाचा? प्रवचन सरकारांचे जिभेच्या टोकाशी आले. मावशीसाहेब शेजारीच उभ्या होत्या. सरकार भरल्या दालनात मोठ्याने म्हणाले, “मला असाच दिसतो.”

कोणी हसले नाही. मोहीम फत्ते जाहली ती येथे, हे बखरकाराने आपले नजरेने पाहून लिहिले असे.