कांबळे बाईंचा पत्ता

आमच्या निपाणीच्या मराठी शाळेत हेडबाई रोज सकाळी पत्ते काढून बसतात, अशी बातमी मला रुजू व्हायच्या आधीच एस.टी.त लागली होती. सांगणारा म्हणाला, "लई कडक बाई हाय. पण पत्त्यांचा नाद वाईट." मी उचगावचा, वय तेवीस, पहिलीच नोकरी. रमी येत होती, म्हणून जरा बरंच वाटलं.

पहिल्याच दिवशी माझा भ्रमनिरास झाला. कांबळे बाई टेबलाशी ताठ बसल्या होत्या. पांढरं पातळ, नाकावर जाड भिंगाचा चष्मा. समोर लांबट पत्त्यांचा गठ्ठा. त्यांनी एक पत्ता काढला, मिनिटभर बघितला, वही उघडली आणि चार ओळी लिहिल्या. मोजून चार. मग वही मिटली, घंटा वाजली आणि त्या माझ्यावर ओरडल्या, "शर्टाचं बटण लाव रं!"

ते पत्ते बेळगावच्या कॅम्पातून आलेले. तिथली एक म्हातारी मडम देश सोडताना घरचं सामान विकत होती. बाईंनी शिवणाचा डबा घेतला, त्यात तळाला हा गठ्ठा निघाला. अठ्ठ्याहत्तर पत्ते, प्रत्येकावर रंगीत चित्र. सोबत इंग्रजी पुस्तक होतं, कुठल्या पत्त्याचं काय भविष्य ते सांगणारं. ते बाईंनी बंबात घातलं.

"आमच्या वडलांनी घरातलं देव नदीत सोडलं," त्या म्हणायच्या, "आता मी काय पत्त्यांच्या पाया पडू व्हय? पत्ता सांगत न्हाय, वसंता. पत्ता इचारतो. उत्तर आपुन लिहायचं."

पण गावाला हे कोण पटवणार? बायका लग्न जुळेल का विचारायला यायच्या. त्यांना बाई खुर्ची द्यायच्या, चहा द्यायच्या आणि वर कागद-पेन्सिल द्यायच्या. "हे चित्र बघ आन् मनात काय आलं ते लिहून काढ." निम्म्या बायका चहा पिऊन पळायच्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांना बाई तिथंच बाराखडीला बसवायच्या. गावात बोलबाला झाला, की हेडबाईंकडं भविष्य विचारायला गेलं की गृहपाठ मिळतो.

चित्रांना बाईंनी आपली नावं ठेवली होती. एका पायानं उलटा टांगलेला माणूस म्हणजे 'बदली झालेला मास्तर'. तलवार धरून बसलेली राणी म्हणजे त्या स्वतः. आणि घोड्यावरून येणारा हाडांचा सापळा म्हणजे 'इन्स्पेक्टर'.

एकदा खरेच इन्स्पेक्टर आले. आमच्यातल्याच एका मास्तरांनी तक्रार केली होती, की शाळेत जुगार चालतो. इन्स्पेक्टर कन्नड बोलणारे, मराठी बेतासबात. गठ्ठा हातात घेऊन म्हणाले, "इदेनु, बाई? हे काय?"

"काढा की एक, साहेब."

त्यांनी काढला. सापळाच निघाला. आम्ही सगळे मास्तर खिडकीबाहेर बघू लागलो.

"हे कोण?"

बाई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "आमच्यात ह्याला इन्स्पेक्टर म्हणतेत."

साहेबांनी पत्त्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं आणि खो खो हसले. मग बाईंनी कागद पुढं केला. साहेबांनी कन्नडात चार ओळी लिहिल्या. लिहिता लिहिता त्यांचं हसू गेलं. कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि जाताना एवढंच म्हणाले, "जपून ठेवा हे पत्ते." अहवालात जुगाराचं नाव नव्हतं.

पुढं सात-आठ वर्षांनी बाईंना मोतीबिंदू झाला. बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन. सोबत कोण, असं नर्सनं विचारलं तेव्हा त्यांनी माझं नाव दिलं, आणि मग मला कळलं, की दुसरं नाव त्यांच्याकडं नाही.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या, "वसंता, पिशवीतनं पत्ता काढ. काय हाय सांग."

"एक बाई हाय. अनवाणी. मागं कुबड्या टेकत येणारा एक. बर्फ पडतंय. वर रंगीत काचंची खिडकी, आत उजेड हाय."



"हा आला, की मी लिहीत न्हाय. दुसरा काढते," त्या म्हणाल्या. "आज तू लिही. आमी दोघी भणी. शाळेच्या खिडकीखाली उभं राहून ऐकायचो. आत घ्यायचे न्हाईत. तारा माझ्यापरीस हुशार, पाढे तिचे आधी पाठ. पुढं नवे मास्तर आले, आत या म्हणाले. पण घरात दोघींनी शिकायचं जमण्यासारखं नव्हतं. थोरली म्हणून मी गेले. तारा तंबाखूच्या वखारीत गेली. खोकून खोकून मेली. तिची पोरगी आता त्याच वखारीत हाय. तारा गेल्यापासनं सहा वर्षं मी तिच्या दाराला गेले न्हाय. काय तोंड दाखवू?"

पट्टीखालचे गाल हलू लागले. मी घाबरलो. "बाई, रडू नका. डोळ्याला पाणी लागता कामा नये, म्हणालेत डॉक्टर."

"रडतंय कोण? लिहिलंस का सगळं?"

चार ओळींच्या पुढं गेलं होतं.

पट्टी निघाली, काळा चष्मा आला. बाईंनी पहिल्यांदा ते पान वाचलं आणि माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका काढल्या. मग वही पिशवीत टाकली. निपाणीला एस.टी.तून उतरलो. मी घराच्या वाटेला वळलो, तर बाई वखारीच्या वाटेला. मीही मागोमाग गेलो.

सुटायची वेळ होती. बायका फाटकातून बाहेर पडत होत्या, केसांवर तंबाखूची धूळ, तोंडाला फडकी बांधलेली. अख्ख्या शाळेला दरडावणाऱ्या बाई भिंतीला टेकून उभ्या. पाठ केलेलं काहीतरी पुटपुटत होत्या.

तिशीतली एक बाई थबकली. तोंडावरचं फडकं तिनं खाली ओढलं.

"मावशी? डोळ्याला काय झालं?"

"ऑपरेशन."

"मग कोण होतं जवळ?"

"हा वसंता. शाळेतला."

"आन् मला का सांगितलं न्हाय? मी आले असते की."

त्या पोरीनं हात लुगड्याला पुसले, बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि कोपराला धरून त्यांना रस्ता ओलांडून नेऊ लागली. बाईंना आता रस्ता चांगला दिसत होता. पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही.