बारा बोल्टांचा गीझर

हेडक्लार्कांनी त्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ती केवळ डोकं दुखत होतं म्हणून. डोकं त्यांचं तेवीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळदा दुखलं होतं, पण दुखणं त्यांनी कधी रजेच्या अर्जापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी जाऊ दिलं आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

माणूस तसा सरळ. फक्त कुठलीही गोष्ट पुरवण्या जोडल्याशिवाय त्यांना पूर्ण वाटत नसे. ऑफिसात त्यांच्यामागे त्यांना 'परिशिष्ट' म्हणत. (समोर 'साहेब' म्हणत, पण तेही बिल अडलेलं असलं तरच.) बायकोने एकदा गाडी चालवायला शिकते म्हटल्यावर त्यांनी जेवताजेवता चौदा अडचणी सांगितल्या होत्या, आणि त्यातली नववी सांगेपर्यंत तिने जेवण उरकून ताट घासून ठेवलं होतं. तेव्हापासून ती त्यांना आधी काही सांगत नसे. झाल्यावर सांगे.

तर, दुपारी दोनला हेडक्लार्क घरी आले. पॅसेजमध्ये वाकून बुटाची नाडी सोडत असताना त्यांना स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज ऐकू आला. ती फोनवर बोलत होती.

"एकवीस वर्षं झाली की. लग्नाच्या वर्षीचाच आहे."

हेडक्लार्कांचा हात नाडीवर थांबला.

"बाहेरून बरा दिसतो हो, आतून पार गेलाय. तापतो, पण नुसताच. कामाला काही नाही. आणि आवाज किती करतो सकाळी." मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. "दुरुस्ती? छे, त्यात आता दुरुस्त करण्यासारखं काही राहिलेलं नाही. काढूनच टाकायचा. शनिवारी. नाही, घरात कुणाला बोलले नाहीये. नवा बघून ठेवलाय मी. दिवसभर उन्हात उभा असतो, पण कटकट म्हणून नाही."

वाचकांपासून लपवण्यात काही अर्थ नाही. ती बोलत होती न्हाणीघरातल्या गीझरबद्दल. गेले तीन महिने ती दुपारची शिवणक्लासला म्हणून जात होती, ती प्रत्यक्षात जात होती सौर तंत्रज्ञाच्या कोर्सला. छपरावर पाणी तापवायचा सोलर हीटर कसा बसवायचा, पाइप कसे जोडायचे, पॅनेल कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायचं, हे सगळं ती शिकली होती. तीन महिन्यांत घरात एका रुमालालाही टाके पडले नव्हते आणि तिच्या पर्समध्ये पाना असे, पण हेडक्लार्कांच्या नजरेला त्यातलं काही पडलं नव्हतं. शनिवारी तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. घरचा जुना गीझर काढून गच्चीवर सोलर बसवून दाखवायचं, आणि पास झाली तर सोमवारपासून एका बसवणाऱ्या कंपनीत कामावर हजर व्हायचं.

हेडक्लार्कांना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. त्यांनी सुटलेली नाडी पुन्हा बांधली, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि बागेतल्या बाकावर सव्वासहा वाजेपर्यंत बसून राहिले. सव्वासहाला रोजच्यासारखे घरी गेले. डोकं कसं आहे, हे त्यांना कुणी विचारलं नाही, कारण ते दुखत असल्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आवक-जावकच्या बाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी ऑफिसातली तीन लग्नं जुळवली होती आणि दोन सावरली होती.

"माझ्या एका मित्राचं आहे," हेडक्लार्क म्हणाले.

"मित्राच्या लग्नाला किती वर्षं झाली?" बाईंनी शिक्का मारतामारता विचारलं.

"एकवीस."

"घरात काही काम करतो?"

"बघतो म्हणतो."

"बघतो म्हणतो की बघतो?"

हेडक्लार्कांनी थोडा विचार केला. "म्हणतो."

"मग त्यांना म्हणावं, घरातलं एक तरी रखडलेलं काम हातात घ्या. आणि असं करा की पुन्हा कुणाला त्याकडे बघायला लागू नये."

घरात रखडलेली कामं बरीच होती. पण आठ महिने रोज सकाळी ज्याच्यावरून बोलणी खावी लागत होती असं एकच होतं. गीझर गळत होता, आणि भिंतीवर सैल पडून डुगडुगत होता.

शुक्रवारी हेडक्लार्कांनी आयुष्यातली दुसरी रजा टाकली. (तीही त्याच आठवड्यात. साहेबांनी अर्जावर सही करताना काळजीने त्यांच्याकडे पाहिलं.) हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी बोल्ट मागितले.

"किती लोड आहे?" दुकानदाराने विचारलं.

"संसार आहे," असं म्हणायचं हेडक्लार्कांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते म्हणाले, "गीझर."

"मग चार पुरतील."

"बारा द्या."

बायको क्लासला गेल्यावर ते कामाला लागले. आधी मेन स्विच बंद केला. खात्री म्हणून जिन्याखालचाही एक बंद केला. (तो वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा होता, हे डॉक्टर खाली आल्यावर कळलं.) मग गळक्या जोडावर त्यांनी पांढरी टेप एवढी गुंडाळली की पाइपाचा हात मोडून प्लास्टरमध्ये घातल्यासारखं दिसू लागलं. छिन्नी-हातोड्याने बारा भोकं पाडली, बारा बोल्ट ठोकले, आणि गीझर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत चांगलं पाटीभर सिमेंट भरलं. शेवटी स्टुलावर उभं राहून त्यांनी गीझरला धरून स्वतः लोंबकळून पाहिलं. गीझर तसूभरही हलला नाही. गळायचाही थांबला होता. बऱ्याच वर्षांनी त्यांना आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटलं.

संध्याकाळी ते बायकोला दाखवणार होते, पण ती उद्याच्या धास्तीत न जेवताच पडून राहिली. हेडक्लार्कांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला.

शनिवारी सकाळी ती आंघोळही न करता लवकर बाहेर पडली. दहा वाजता बेल वाजली. दारात एक धिप्पाड बाई उभ्या होत्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात पॅड. त्या परीक्षक होत्या.

"नमस्कार. आज काढायचा आहे तो कुठे आहे?"

"मीच तो," हेडक्लार्क म्हणाले.

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग हातातला कागद पाहिला. "इथे पंचवीस लिटरचा लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने काहीही लिहावं. मी या घरातून कुठेही जाणार नाही." हेडक्लार्कांनी हे वाक्य पहाटेपासून घोकलं होतं. "तापतो, मान्य आहे. सकाळी आवाज करतो, तेही मान्य. पण आतून गेलाय म्हणणं बरोबर नाही. आतलं कुणी उघडून पाहिलंय का? आणि एकवीस वर्षांनंतर निदान एक लेखी नोटीस तरी द्यायला हवी होती."

परीक्षकबाईंमागून हेडक्लार्कांची बायको पुढे आली. तिच्या अंगात निळी डांगरी होती, खांद्यावर ड्रिलची पेटी होती.

"अहो, मंगळवारी तुम्ही लवकर आला होतात का?"

"हो."

"आणि पॅसेजमध्ये उभे होतात."

"बूट काढत होतो."

"किती वेळ?"

"पाच-सात मिनिटं."

तिने पेटी खाली ठेवली. "गीझरबद्दल बोलत होते मी," ती हळू म्हणाली. "गीझरबद्दल, अहो." आणि मग तीन महिन्यांचं सगळं तिने त्यांना दारातच चार वाक्यांत सांगितलं.

हेडक्लार्कांच्या छातीवरून चार दिवसांचं ओझं उतरलं. ते दीड मिनिट उतरलेलं राहिलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता गीझर काढायचा?"

"हो. तासाभरात. नाहीतर नापास."

"तो निघणार नाही."

"का?"

"मी काल बसवलाय."

न्हाणीघरात गेल्यावर परीक्षकबाई गीझरकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "वीस वर्षं या कामात आहे मी," त्या म्हणाल्या. "असा गीझर बघितला नाही. याच्या आधाराने भिंत उभी आहे." मग त्यांनी घड्याळ लावलं.

पुढचा तासभर हेडक्लार्क दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. इतकी वर्षं त्यांनी बायकोला भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मुलीचा अभ्यास घेताना पाहिलं होतं. तिला भिंतीवर बोटं वाजवून आत काय आहे ते ऐकताना पाहिलं नव्हतं. ती घाबरली नाही, कुणाला बोलली नाही. पाणी तोडलं, गीझरची वीज तोडली, टेस्टर लावून दोनदा खात्री केली, गॉगल चढवला आणि एकेक बोल्ट ग्राइंडरने कापत गेली. सातव्या बोल्टाला हेडक्लार्कांचं तोंड उघडलं. त्यांना एक अडचण सुचली होती. पण ग्राइंडरच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाही, आणि आवाज थांबला तेव्हा त्यांनी ती स्वतःहून गिळली. हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला गीझर खाली आला. त्याच्यासोबत भिंतीचा ताटाएवढा तुकडा आला आणि त्या भोकातून शेजारच्या खोलीत अभ्यास करणारी मुलगी दिसू लागली. तिने पुस्तकातून मान वर केली. "बाबा, हे असंच राहणार आहे का?" एवढंच विचारलं.

गच्चीवरचं काम मात्र सुरेख झालं. स्टँड उभा राहिला, काचेच्या नळ्या एकेक करून बसल्या आणि दुपारी तीनला नळाला चटका बसेल असं पाणी आलं. परीक्षकबाईंनी बायकोशी हात मिळवला. "सोमवारी नऊला हजर व्हा," असं सांगून त्या जिना उतरल्या.

हेडक्लार्क त्या सबंध वेळात गच्चीवरच होते. मदत करत होते, म्हणजे हात मागे बांधून कधी या बाजूला, कधी त्या बाजूला उभे राहत होते. आता ते पुढे झाले.

"रिपोर्टची प्रत दे. फाइलला लावतो."

बायकोने हात पुसून कागद दिला. हेडक्लार्कांनी चष्मा लावला. अक्षर स्वच्छ होतं. सगळे रकाने भरलेले होते. दिशा, उतार, पाण्याची टाकी, पाइपांची लांबी. अकराव्या रकान्याचं नाव होतं 'जागेवर सावली पाडणारे अडथळे'. त्यासमोर तिने लिहिलं होतं:

"एक. कायमस्वरूपी. सांगितल्यास सरकतो."

हेडक्लार्कांनी ते दोनदा वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, जरा," आणि ते सरकले.